हिरवळ म्हणजे घरात आणखी एक माणूस

लॉन हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला की प्रत्येकाला वेगळे काही आठवते. मुलीला ईदचा लॉनचा सूट. तिच्या भावाला वलीम्याची बिर्याणी, कारण पुण्यात लग्नाच्या जागेलाच आता ‘लॉन्स’ म्हणतात, मग तिथे गवत असो की नुसती हिरवी सतरंजी. मला मात्र गवतच आठवते. माझे अब्बा कॅम्पातल्या एका बंगल्यावर माळी होते. माझ्या शाळेच्या सुट्ट्या त्या बंगल्याच्या हिरवळीच्या कडेला खुरपे घेऊन बसण्यात गेल्या. कडेला म्हणते, कारण हिरवळीवर फिरायची परवानगी साहेबांच्या कुत्र्याला होती, आम्हाला नव्हती.

गेल्या महिन्यात कोंढव्याहून एका भगिनीचे पत्र आले. तळमजल्यावर फ्लॅट घेतला आहे. मागच्या बाजूला सहाशे चौरस फुटांची मोकळी जागा मिळाली आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले असून त्यांना फरशीवर चालायची भीती वाटते. मऊ जमीन असली तर त्या फिरतील. धाकटा मुलगा तीन वर्षांचा, दिवसातून दहा वेळा पडतो. एक लॉनवाला दोन दिवसांत सगळे हिरवेगार करून देतो म्हणाला आहे. ‘आपा, कुठले गवत घ्यायचे आणि पाणी किती द्यायचे, तेवढे सांगा.’ पत्र इथे संपायला हवे होते. खाली दोन ओळी वेगळ्या शाईत होत्या: ‘आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो. वरच्या मजल्यावरचे लोक आत्ताच म्हणू लागलेत, तुमच्या गवतासाठी आम्ही पैसे का भरायचे?’

खरा प्रश्न त्या दोन ओळींत आहे, असे मला वाटले. म्हणून एका रविवारी तिच्याकडे गेले. जागा पाहिली, चहा घेतला आणि कागद-पेन्सिल मागितली.

हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात पुण्यातली हिरवळ हिरवी ठेवायची तर तिला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागते. ३०० चौरस फूट म्हणजे २८ चौरस मीटर. २८ गुणिले ५, म्हणजे १४० लिटर. आता दुसरा आकडा बघा. शहरातल्या माणसाला पिणे, स्वयंपाक, आंघोळ, धुणी-भांडी हे सगळे धरून दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे ३०० फुटांची हिरवळ लावली की उन्हाळ्यापुरता घरात आणखी एक माणूस राहायला आला. तिची जागा ६०० फुटांची होती. दोन पाहुणे, तेही टँकरच्या दिवसांत.

ती गप्प झाली. सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मग राहू दे बाई. मी फरशीवरच चालेन.”

मी काही त्यांना नाही म्हणायला गेले नव्हते. आवडीला पाणी लागते म्हणून आवडच सोडायची, हे मला पटत नाही. तीन वर्षांच्या मुलाला पडायला गवत मिळावे, ही चैन नाही. पण शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यावर आपली हिरवळ वाढावी, हेही आपल्याला शोभणारे नाही. वाहत्या नदीच्या काठी बसलो तरी वुजूला पाणी उधळू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे तर नदी नाही, टाकी आहे, आणि ती आठ घरांची आहे. पुण्याचे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून येते. सगळी मिळून साठा साधारण २९ टीएमसी. त्यातलेच पाणी कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतापर्यंत जायचे असते. नळ सोडताना एवढी साखळी लक्षात राहिली तर पाइप हातात धरायची पद्धत आपोआप बदलते.

मग आम्ही जागा फिरून पाहिली. मी तिला सांगितले की एक दिवस सकाळी ९ पासून संध्याकाळी ५ पर्यंत दर तासाला ऊन कुठे आहे ते चुन्याने आखून ठेव. हरळीला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवे. चार तासांहून कमी ऊन असेल तर तिथे गवत लावूच नये. ते विरळ होत जाते आणि सावलीत शेवाळ धरते. इमारतीच्या उत्तरेकडच्या जागेत जास्त सावध राहायला हवे. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तिथेही लख्ख ऊन येते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला सरकतो आणि त्याच जागेवर दिवसभर इमारतीची सावली पडते. मेमधले ऊन पाहून फसलेले मी बरेच पाहिले आहेत.

चुन्याच्या रेघांनी अर्धे काम केले. भिंतीलगतचा आणि आंब्याच्या झाडाखालचा भाग बाद झाला. मध्ये २० फूट बाय १० फुटांचा पट्टा उरला. २०० चौरस फूट. सासूबाईंना या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पुरेसा. या पट्ट्याला कडक उन्हाळ्यात रोजचे ९०-९५ लिटर पाणी लागेल. उरलेल्या जागेत मुरूम दाबून घ्यायचा, कडेला कढीपत्ता, गवती चहा आणि मोगरा लावायचा.

आता हे ९० लिटर आणायचे कुठून? तिने आठवडाभर बादली ठेवून मोजले. घरात पाच माणसे. पुरुषांची नमाज बहुतेक बाहेर होते. घरात दिवसाला पंधराएक वुजू होतात आणि एका वुजूला नळ बारीक सोडला तर दोन-अडीच लिटर पाणी. म्हणजे ३५ लिटर स्वच्छ, बिनसाबणाचे पाणी रोज गटारात जात होते. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या नळीतून ३० लिटर. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले १५ लिटर. बेरीज ८० झाली. प्लंबरने बेसिनचा पाइप काढून बाहेरच्या पिंपात सोडला. हे काम अर्ध्या दिवसात झाले.

आरओच्या पाण्याबद्दल एक सावधगिरी. त्यात क्षार जास्त असतात. नळाला महापालिकेचे पाणी असेल तर फारशी चिंता नाही. बोअर किंवा टँकरचे जड पाणी असेल तर ते क्षार मातीत साचतात, मातीवर पांढरी पापडी धरते आणि गवताची टोके करपतात. असे दिसले तर ते पाणी फरशी पुसायला वापरा. साबणाचे, फिनेलचे पाणी गवताला नको. पिंप झाकून ठेवा आणि पाणी दोन दिवसांच्या वर साठवू नका, नाहीतर डास होतील.

आता गवताकडे येऊ. नर्सरीत गेलात तर नावे ऐकून गोंधळाल. ‘सिलेक्शन वन’, ‘मेक्सिकन’, ‘कोरियन कार्पेट’, ‘बर्म्युडा’. सोलापूर रस्त्याला हडपसरच्या पुढे उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्या आहेत, तिथे हे सगळे गुंडाळ्या करून ठेवलेले असते. कोरियन गवत मखमलीसारखे दिसते, हळू वाढते, कापायला कमी लागते. पण ते भरून यायला वेळ घेते आणि मुलांनी एकदा उखडले की खड्डा महिनोन्‌महिने तसाच राहतो. नवशिक्यांनी हरळी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बर्म्युडा म्हणून विकतात तीही हरळीच, फक्त निवडक बारीक पात्याची. शेतकरी जिला पिढ्यान्‌पिढ्या शिव्या देतो, नांगरली तरी जी बांधावर पुन्हा उगवते, ती हरळी. तुमच्या चुका तीच सहन करील. आणि नवशिक्या माणूस चुका करणारच.

हिरवळीची हौस ज्या देशातून इकडे आली, तिथे वर्षभर भुरभुर पाऊस असतो. गवत तिथे फुकट हिरवे राहते. पुण्यात वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर. उरलेले आठ महिने आपण त्या भुरभुरीची नक्कल पाइपने करत बसतो. नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसची हिरवळ सगळ्यांनी पाहिलेली असेल. १८९२ साली सुलतान मुहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी तो वाडा बांधला, दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांना हाताला काम मिळावे म्हणून. १९४२ ते १९४४ या काळात गांधीजी आणि कस्तुरबा तिथे कैदेत होते. कस्तुरबांची समाधी तिथेच आहे. मुलांना घेऊन जरूर जा. पण ती हिरवळ पाहून घरी येऊन ‘आपलेही असेच करू’ म्हणू नका. तेवढ्या विस्ताराला कायमचे माळी लागतात.

हा अंक हाती पडेल तेव्हा मे महिना चालू असेल. आत्ता गवत आणू नका. आत्ता माती करायची. नव्या इमारतींच्या मागच्या जागेत वरची चार बोटे माती आणि खाली विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळे, टाइलच्या कपच्या असतात. दोन दिवसांत हिरवे करून देणारे लोक याच राडारोड्यावर कार्पेट अंथरून जातात. पहिले दोन महिने दृष्ट लागावी असे दिसते. मग मुळांना खाली जागा मिळत नाही, दुपारच्या उन्हात गवत सुकते, रोज पाणी दिले तरी सुकते, आणि आपण समजतो की पाणी कमी पडले.

एक फूट खोल खणा. राडारोडा वेचून बाहेर काढा. कोंढव्याच्या बाजूला खाली मुरूम किंवा खडक लागतो. तो फोडायला जाऊ नका, वर निदान आठ-नऊ इंच माती मिळाली तरी हरळीचे भागते. तीन घमेली पोयटा माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत. माती काळी चिकट असेल तर एक घमेले वाळू. शेणखत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास येता कामा नये, मातीचा यावा. कच्चे शेणखत टाकले की त्यातून हुमणी येते. जमिनीला उतार घराच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने द्या, दर पाच फुटांना इंचभर. एवढा उतार डोळ्याला दिसत नाही, पण पावसाला कळतो.

मग एक काम, जे सगळे टाळतात. माती सपाट करून गवत न लावताच तिला पाणी द्या आणि दहा-बारा दिवस वाट बघा. मातीत लपलेले सगळे तण वर येईल. ते मुळासकट काढा. पुन्हा पाणी द्या, पुन्हा काढा. लव्हाळा असेल तर नुसते पाते उपटून उपयोग नाही. खाली सुपारीएवढी काळी गाठ असते, ती खुरप्याने खणून काढावी लागते. एक गाठ राहिली तर दिवाळीपर्यंत तिचे कुटुंब होते. अब्बा लव्हाळ्याच्या गाठी डब्यात जमवून उन्हात वाळवत आणि मग चुलीत घालत. कचऱ्याच्या खड्ड्यात त्यांनी त्या कधीच टाकल्या नाहीत. मला तेव्हा हा अतिरेक वाटायचा. आता मीही तेच करते, फक्त चूल नाही.

गाजर गवत दिसले तर फुले येण्याआधी काढा, आणि हातात मोजे घालून काढा. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमा होतो. घरात लहान मूल असेल तर ते कुंपणाच्या पलीकडे दिसले तरी उपटा. भारतात या गवताची नोंद पहिल्यांदा झाली ती १९५०च्या दशकात, आपल्याच पुण्यात. परदेशी गव्हाबरोबर ते आले असे म्हणतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होतो. एक-दोन चांगल्या सरी पडून माती आतपर्यंत ओली झाली की लावणी. बी टाकण्याच्या भानगडीत नवशिक्याने पडू नये. बी धुऊन जाते, मुंग्या नेतात. कार्पेट अंथरता येते, पण महाग पडते. स्वस्त आणि पक्की पद्धत म्हणजे हरळीच्या काशा लावणे. नर्सरीतून दोन-तीन तुकडे कार्पेट आणा, ते हाताने सोडवा, मुळे असलेली चार-पाच काड्यांची जुडी करा आणि चार-चार बोटांवर खड्डे पाडून लावत जा. दहा चौरस फुटांच्या तुकड्यातून पन्नास-साठ फूट जागा सहज लावून होते. लावल्यावर फळी ठेवून तिच्यावरून चालावे, म्हणजे मुळे मातीला चिकटतात. पाऊस थांबला तर पहिले तीन आठवडे रोज हलके पाणी. दोन-अडीच महिन्यांत जागा भरते. तोपर्यंत कुणालाही वर फिरू देऊ नका, तीन वर्षांच्या माणसालाही नाही. हे सांगणे सोपे आहे, मला माहीत आहे.

गवत एकदा धरले की पाण्याची पद्धत उलटी करायची. रोज थोडे थोडे पाणी, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. संध्याकाळी चहा झाला की पाइप घेऊन पाच मिनिटे शिंपडायचे. मनाला गार वाटते, गवताला काही मिळत नाही. वरचे अर्धा इंच ओले होते, मुळे वरच राहतात, आणि एक दिवस पाणी चुकले की सुकतात. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा, कडक उन्हाळ्यात फार तर तीनदा, पण भरपूर. सकाळी सात-आठच्या आत. रात्री ओले राहिलेल्या गवताला पावसाळ्यात बुरशीचे गोल तपकिरी डाग पडतात. भरपूर म्हणजे किती? दुधाच्या पावडरचे तीन-चार रिकामे डबे हिरवळीवर ठेवा आणि पाणी सोडा. डब्यात अर्धा-पाऊण इंच पाणी साचले की बंद करा. मग जुना स्क्रू-ड्रायव्हर मातीत खुपसून बघा. चार इंच सहज गेला तर पाणी पोहोचले. पाणी कधी द्यायचे तेही गवतच सांगते. त्याच्यावरून चालून मागे वळून पाहा. पावलांचे ठसे लगेच उठून आले तर तहान नाही. ठसे तसेच राहिले, रंग निळसर-राखी दिसू लागला, तर उद्या सकाळी पाणी. हिवाळ्यात आठवड्याला एकदा पुरते. पावसाळ्यात पाइप गुंडाळून ठेवा.

पिंपातले ८० लिटर रोज जमतात आणि पाणी आठवड्यातून दोनदा द्यायचे, हे कसे जमवायचे, असे त्या भगिनीने विचारले. बरोबर आहे. पट्ट्याचे तीन भाग करायचे. आज पहिला, उद्या दुसरा, परवा तिसरा. प्रत्येक भागाला तीन दिवसांनी भरपूर मिळते आणि पिंप रोज रिकामे होते.

कापणीबद्दल एकच हट्ट धरा: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचे नाही. लोक मुंडन करतात, मग महिनाभर परत कापायला नको, अशा हिशेबाने. गवत पिवळे पडते, माती उघडी पडते आणि तण घुसते. हरळी दीड इंचावर ठेवा, उन्हाळ्यात दोन इंचांवर. उंच पाते स्वतःच्या मुळांवर सावली धरते आणि पाणी कमी उडते. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कापावी लागेल. थंडीत हरळी जवळजवळ झोपते, तीन आठवड्यांनी चालते. २०० फुटांना मशीन घेऊ नका. हाताने ढकलायचे छोटे मोवर किंवा मेंदीची कैची पुरे. पाते धारदार हवे. बोथट पात्याने गवत तुटते, कापले जात नाही, आणि टोके पांढरी दिसतात. ओले गवत कापू नका. कापलेले बारीक तुकडे तिथेच पसरून राहू द्या, ते कुजून खत होते. ढीग झाला तर झाडांच्या बुंध्याशी टाका.

खताची गोष्ट माझीच सांगते. लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःचे अंगण मिळाले तेव्हा मी अब्बांना न विचारता एप्रिलच्या दुपारी मूठ मूठ युरिया टाकला. पाणी संध्याकाळी देऊ म्हटले. तिसऱ्या दिवशी हिरवळीवर माझ्या मुठींच्या आकाराचे तपकिरी शिक्के उमटले होते. अब्बा आले, पाहिले आणि काहीच बोलले नाहीत. फक्त जाताना म्हणाले, “बेटा, भूक नसताना जेवण वाढलेस.” तेव्हापासून मी गांडूळखतावर आहे: जूनमध्ये एकदा आणि ऑक्टोबरात एकदा, चाळणीने चाळून, चौरस मीटरला किलोभर. युरिया द्यायचाच असेल तर पावसाळ्यात, चौरस मीटरला दहा ग्रॅम, सारखा पसरून, आणि टाकल्या टाकल्या भरपूर पाणी. तराजूने मोजा, मुठीने नव्हे.

हुमणीचे एक सांगून ठेवते, कारण तिचा हंगाम आत्ताच आहे. पहिल्या वळवाच्या पावसानंतर तपकिरी भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. त्यांची अंडी मातीत, आणि त्यातून निघणारी पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली अळी म्हणजे हुमणी. ती मुळे खाते. ऑगस्ट-सप्टेंबरात भरपूर पाऊस असूनही एखादा तुकडा पिवळा पडला आणि ओढल्यावर सतरंजीसारखा हातात आला, तर खाली तीच असते. अळ्या वेचून काढा. भुंगेऱ्यांच्या दिवसांत रात्री दिव्याखाली साबणाच्या पाण्याचे घमेले ठेवले की बरेच त्यात पडतात. मुले हे काम आवडीने करतात.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. मेच्या मध्यात पिंप अपुरे पडेल, टँकरही उशिरा येईल. तेव्हा काय करायचे? काही नाही. गवताला पिवळे होऊ द्यायचे. हरळी तेव्हा मरत नाही. वरचे पाते वाळते, पण काशा जमिनीखाली जिवंत असतात. दोन-तीन आठवड्यांतून एकदा चांगले पाणी मिळाले तरी त्या तग धरतात, आणि पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब येतात. तळजाईची टेकडी दरवर्षी मेमध्ये सोनेरी होते आणि जूनमध्ये हिरवी; तिथे कुणी पाइप घेऊन जात नाही. या दिवसांत गवत कापू नका, खत देऊ नका, वरून फार चालू नका. पाहुणे आले आणि ‘अरेरे, लॉन जळाले’ म्हणाले, तर त्यांना सरबत द्या.

मी त्या भगिनीला सोसायटीच्या बैठकीत हेच सांगायला लावले: पट्टा २०० फुटांचा, पाणी घरातले वापरलेले, टँकरच्या दिवसांत पाइप बंद, गवत पिवळे पडले तर पडले. लिहून द्यायला सांगितले. तिने दिले. वरच्या मजल्यावरच्या एका भाऊंनी विचारले, की आमच्याही आरओचे पाणी खाली सोडता येईल का, नाहीतरी वायाच जाते. आणि शेजारच्या विंगमधल्या आजी म्हणाल्या, “हरळी लावणार आहेस ना? मग गणपतीत दूर्वांसाठी मला मंडईत जायला नको.” खरेच आहे, दूर्वा म्हणजे हीच हरळी. त्यांना जरूर तोडू द्यावे, फक्त त्या आठवड्यात कसली फवारणी किंवा खत टाकलेले असेल तर आधी सांगावे.

सध्या तिथे खणणे चालू आहे. आतापर्यंत सात घमेली विटा, एक तुटका नळ आणि कुणाची तरी चप्पल निघाली आहे. लव्हाळ्याची पहिली फेरी या शुक्रवारी संपली. सासूबाईंनी निरोप पाठवला आहे की काशा सोडवून जुड्या करायचे काम बसून करता येण्यासारखे आहे, तेव्हा ते दुसऱ्या कुणाला देऊ नये. त्यांची खुर्ची आंब्याच्या सावलीत टाकायला सांगितले आहे.